कारखान्यांची घरवापसी आणि मुंबईची उपनगरे

घाटकोपरहून मुलुंडकडे लालबहादूर शास्त्री मार्गाने जाताना पन्नाशी ओलांडलेला प्रवासी आजही थांब्यांची नावे कारखान्यांवरून सांगतो. कंडक्टरने तिकिट फाडताना उच्चारलेली ती नावे त्याच्या जिभेवर बसलेली असतात. त्यांतील अनेक कारखाने मात्र आता तेथे नाहीत. जेथे भोंगा वाजत असे तेथे निवासी मनोरे उभे आहेत. जेथे पाळी सुटल्यावर सायकलींची रांग लागे तेथे मॉलच्या वाहनतळाची रांग लागते. भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, अंधेरी, गोरेगाव, कांदिवली या सर्व ठिकाणी कमीअधिक फरकाने हेच चित्र आहे. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या या कारखान्यांच्या पगारावर वाढल्या, शिकल्या आणि स्वतःच्या घरात राहायला गेल्या. म्हणूनच कारखाना का जातो आणि गेल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न या भागासाठी केवळ अर्थशास्त्राच्या पुस्तकातला नाही.

या प्रश्नाला आज नवे निमित्त मिळाले आहे. गेली काही वर्षे अमेरिका, जपान आणि युरोपातील देश आपल्या कंपन्यांना हाक देत आहेत : 'परदेशातले उत्पादन आवरा आणि मायदेशी परत या.' जागतिकीकरणाच्या पहाटे जगाला 'सीमा विसरा' असा उपदेश करणाऱ्यांनीच आता सीमेवर जकातीच्या भिंती उभारल्या आहेत. नव्वदच्या दशकात ज्यांनी स्वदेशीचा उच्चार केला त्यांची कालबाह्य म्हणून टिंगल झाली. आज त्याच विचाराला पाश्चात्त्य राजधान्यांत राष्ट्रीय सुरक्षेचे धोरण असे भारदस्त नाव मिळाले आहे. काळाचा हा विनोद लक्षात ठेवण्याजोगा आहे. परंतु केवळ टाळ्या वाजवून भागणार नाही. या परतीची कारणे नीट समजून घेतली पाहिजेत.

भांडवल घरी का परतते?

पहिले कारण मजुरीचे गणित बदलले, हे आहे. पाश्चात्त्य कंपन्या आशियात आल्या त्या मुख्यतः स्वस्त हातांसाठी. पण यंत्रमानव आणि स्वयंचलित यंत्रे आल्यावर वस्तूच्या किमतीतील मजुरीचा वाटा घटत गेला. दुसरीकडे चीनमधील वेतन वाढत गेले. वाचलेली मजुरी वाहतूक, विलंब, साठवण आणि सदोष मालाचा परतावा यांत खर्ची पडू लागली, तेव्हा दूर जाण्याचा मोह ओसरला.

दुसरे कारण अंतराचा धोका. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे एकच जहाज सुएझ कालव्यात आडवे झाले आणि सहा दिवस जगाचा व्यापार अडकून पडला. त्याआधी २०२०च्या महामारीने तर श्रीमंत देशांना साध्या मुखपट्ट्यांसाठी दारोदार फिरवले. भारतानेही मार्च २०२० मध्ये पॅरासिटामॉलसह काही औषधे व औषधद्रव्ये यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. आपल्या लोकांसाठी ते योग्यच होते. पण त्या निर्णयाने युरोपलाही एक धडा दिला, की संकटकाळी प्रत्येक राष्ट्र प्रथम स्वतःच्या लेकरांना घास भरवते. त्याच वर्षी ऑस्ट्रियातील कुंडल येथील पेनिसिलिनचे उत्पादन टिकावे म्हणून नोव्हार्टिस समूह व ऑस्ट्रिया सरकार यांनी मिळून १५ कोटी युरोंची योजना जाहीर केली. त्यांपैकी ५ कोटी सरकारचे होते.

तिसरे आणि आज सर्वांत प्रभावी कारण म्हणजे राज्यसत्तेचा दंड आणि दाम. जपानने २०२० मध्ये उत्पादन मायदेशी आणणाऱ्या कंपन्यांसाठी २२० अब्ज येन राखून ठेवले. अमेरिकेने २०२२च्या कायद्याने संगणकीय चिप घरी बनवण्यासाठी सुमारे ५३ अब्ज डॉलरची तरतूद केली. २०२५ मध्ये आयातशुल्काचा बडगा उगारला गेला आणि त्याच वर्षी जूनमध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेतील कारखान्यांत ४ अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले; मेक्सिकोत बनणाऱ्या काही मोटारींचे उत्पादन त्यातून अमेरिकेत येणार आहे.

चौथे कारण तितकेच महत्त्वाचे, पण कमी बोलले जाणारे आहे. वस्तू घडवणारा हात आणि तिची कल्पना करणारे डोके फार काळ एकमेकांपासून दूर राहिले, तर डोके हळूहळू हाताची भाषा विसरते. सुधारणा कारखान्याच्या जमिनीवर सुचतात. कारखाना गेला की अभियंता जातो, अभियंता गेला की पुढच्या पिढीची वस्तू दुसराच कोणी काढतो. पश्चिमेला हे उशिरा कळले.

अर्थात घोषणा झाली की कारखाना परततोच, असे नाही. जर्मनीच्या आदिदास कंपनीने आन्सबाख येथे यंत्रमानवांच्या साहाय्याने बूट बनवण्याचा कारखाना गाजावाजा करून काढला. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो, आणि अमेरिकेतील अटलांटाचा तसाच कारखाना, बंद करण्याचा निर्णय तिने जाहीर केला. ते तंत्र आशियातील पुरवठादारांकडे गेले. कारण स्पष्ट होते. बुटाचा तळवा, कापड, डिंक, साचे आणि ते हाताळणारे कारागीर यांची अख्खी वस्ती आशियात वसली होती. एक घर परत नेता येते, गाव परत नेता येत नाही. ही गोष्ट जितकी जर्मनीला लागू आहे, तितकीच भांडुपला आणि अंधेरीलाही.

उपनगरांची वही काय सांगते?

मुंबईच्या उपनगरांतून परदेशी कंपन्या गेल्या त्या सर्वच मायदेशी परतल्या, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. जमिनीचे भाव, जकात, कामगार संघटनांतील ऐंशीच्या दशकातला उग्र संघर्ष, अन्य राज्यांच्या करसवलती अशी अनेक कारणे त्यामागे होती. यंत्रांपेक्षा यंत्रांखालची जमीन अधिक मोलाची झाली, हे तर उघडच दिसते. परंतु एका गोष्टीत घरवापसी झाली आणि तिची नोंद फारशी कोणी घेतली नाही. ती संशोधनाची.

१९६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने गोरेगाव येथे मोठे संशोधन केंद्र उभारले. त्याचे उद्घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झाले आणि सूत्रे डॉ. टी. आर. गोविंदाचारी या नामवंत रसायनशास्त्रज्ञाकडे देण्यात आली. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून आलेल्या या अध्यापकाने गोरेगावात भारतीय संशोधकांचा एक तेजस्वी संच जमवला. नैराश्यावरील औषधापासून जंतावरील औषधापर्यंत नवे रेणू येथून निघाले. मुलुंडला जर्मनीच्या होएक्स्ट कंपनीच्या केंद्रात, भारतीय वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींच्या अभ्यासासाठी ते वापरले गेले. ज्या मुलुंडची ओळख आज मनोऱ्यांच्या जाहिरातींतून होते, त्या मुलुंडने जगाच्या शास्त्राला दिलेली ही देणगी मुलुंडकरांच्या मुलांना कोणी सांगत नाही.

पुढे काय झाले? गोरेगावचे केंद्र बंद झाले. कंपनीचे संशोधन तिच्या मायदेशी आणि पाश्चात्त्य केंद्रांत एकवटले. मुलुंडचे केंद्र १९९८ मध्ये निकोलस पिरामल या भारतीय कंपनीने विकत घेतले. पुढच्याच वर्षी खुद्द होएक्स्ट ही कंपनी फ्रेंच कंपनीशी एकरूप होऊन आपले जुने नाव हरवून बसली. एका केंद्राची दारे मिटली, दुसऱ्याची मालकी बदलली. दोन्ही ठिकाणी निर्णय मुंबईच्या शास्त्रज्ञांनी घेतला नव्हता. गुणवत्ता येथली होती, वनस्पती येथली होती, परिश्रम येथले होते. पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती.

जे गेले आणि जे राहिले

याच उपनगरांत याच्या उलट उदाहरणेही आहेत आणि ती अधिक शिकवणारी आहेत.

हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोन डॅनिश अभियंते. त्यांनी १९३८ मध्ये मुंबईत लार्सन अँड टुब्रो ही पेढी काढली ती डेन्मार्कची दुग्धयंत्रे येथे विकण्यासाठी. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला आणि यंत्रे येणे थांबले. तेव्हा ही मंडळी हात बांधून बसली नाहीत. त्यांनी यंत्रे येथेच बनवायला घेतली. १९४८ मध्ये पवईच्या दलदलीत आणि रानात त्यांनी जमीन घेतली. पुरवठा तुटला म्हणून उत्पादन जन्माला आले, आणि ते परत गेले नाही. होल्क-लार्सन यांनी मुंबईच आपली मानली. २००२ मध्ये पद्मभूषण आणि २००३ मध्ये मुंबईतच अखेरचा श्वास. भांडवलाला मायदेश नसतो असे म्हणतात, पण माणूस मायदेश निवडू शकतो आणि त्याच्या निवडीने कारखान्याचे भाग्य बदलते, याचे हे उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण कांदिवलीचे. १९६३ मध्ये महिंद्रांनी अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या सहयोगाने ट्रॅक्टर बनवण्यास प्रारंभ केला. १९७७ मध्ये तो उद्योग महिंद्रांच्या मूळ कंपनीत विलीन झाला. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतील ती बलाढ्य कंपनी कर्जाने खचली आणि १९८५ मध्ये तिला आपला शेतीयंत्रांचा व्यवसाय विकावा लागला. कांदिवलीचा कारखाना मात्र चालू राहिला. ट्रॅक्टरच्या संख्येत महिंद्रा पुढे जगात पहिल्या क्रमांकावर गेले. गुरूने पेढी मोडली तरी शिष्य उभा राहिला, कारण विद्या त्याच्या हातात उतरली होती आणि कारखाना त्याच्या नावावर होता.

तिसरे भांडुपचे. इटलीतील तुरिनच्या सिएट कंपनीने १९५८ मध्ये येथे टायर उद्योग सुरू केला. १९८२ मध्ये तो गोयंका समूहाकडे आला. मूळ इटालियन कंपनी काळाच्या ओघात नाहीशी झाली, आणि २०१० मध्ये भारतीय सिएटने तिच्या नावाचे जागतिक हक्कच पिरेली कंपनीकडून विकत घेतले. परदेशी नाव घेऊन जन्मलेला उद्योग त्या नावाचाच धनी झाला.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. परदेशी तंत्र आले, ते नाकारले गेले नाही. पण ते येथे शिकले गेले, पचवले गेले आणि त्याची मालकी येथे रुजली. उलट १९७७चा प्रसंग पाहा. परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी भागीदारी ४० टक्क्यांवर आणण्याचा आग्रह धरला तेव्हा कोकाकोला आपल्या पेयाचे गुपित सांगण्यास तयार नव्हती आणि आयबीएमला पूर्ण मालकी सोडायची नव्हती. दोघींनी गाशा गुंडाळला. त्यांच्या जागी पार्लेच्या चौहानांनी 'थम्स अप' आणले, ते इतके रुजले की १९९३ मध्ये परतलेल्या कोकाकोलाला तेच विकत घ्यावे लागले. पण येथेही वहीची दुसरी बाजू वाचली पाहिजे : जे आपण घडवले ते अखेर विकले गेले. बाजारात जिंकणे आणि जिंकलेले टिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तळेगावचा धडा

अलीकडचे उदाहरण उपनगरांपासून दोन-अडीच तासांवर आहे. जनरल मोटर्सने २००८ मध्ये तळेगावला मोटारींचा कारखाना सुरू केला. २०१७ अखेर कंपनीने भारतातील विक्री थांबवली. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही थांबले. जगभरातील तोट्याच्या बाजारांतून अंग काढून घ्यायचे आणि नफ्याच्या ठिकाणी लक्ष एकवटायचे, हा निर्णय सातासमुद्रापार डेट्रॉइटला झाला. हजाराहून अधिक कामगारांनी न्यायालयाची पायरी गाठली. मध्यंतरी हा कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला देण्याचा करार झाला होता. २०२०च्या सीमासंघर्षानंतर त्याला मान्यता मिळाली नाही आणि तो बारगळला. देशाच्या सीमेवर जवानांचे रक्त सांडत असताना तो कारखाना चीनच्या हाती न जाणे योग्यच होते. पण त्या धोरणाची किंमत कामगाराच्या घरातील चुलीने मोजली, हेही विसरता कामा नये. राष्ट्रहितासाठी जो झळ सोसतो त्याची काळजी वाहणे, हेही राष्ट्रहितच आहे. अखेर २०२३ मध्ये दक्षिण कोरियाच्या ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला. एक पाहुणा गेला, दुसरा आला. पाहुण्याचे स्वागत जरूर करावे. पण घर पाहुण्याच्या भरवशावर चालवू नये.

आता पांढरपेशांची पाळी?

कारखान्यांची गोष्ट ऐकताना ज्याला वाटते, की 'आपला मुलगा तर वातानुकूलित कार्यालयात बसतो, आपल्याला काय', त्याने गोरेगावकडे एक नजर टाकावी. निरलॉनचे नायलॉनचे धागे जेथे निघत, तेथे आज निरलॉन नॉलेज पार्क आहे आणि परदेशी बँकांची विस्तीर्ण कार्यालये आहेत. पवई, विक्रोळी, मालाडला हेच दृश्य दिसते. बोरिवली-मुलुंडच्या हजारो घरांचे गृहकर्जाचे हप्ते याच पगारातून फिटतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी संसदेत बाहेरदेशी काम देणाऱ्या कंपन्यांवर २५ टक्के कर लावण्याचे विधेयक मांडले गेले. त्याच महिन्यात एच-वन-बी परवान्याच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. विधेयक मांडले म्हणजे कायदा झाला असे नव्हे. पण वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे समजायला वादळ येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. कारखाना हलवायला वर्षे लागतात. संगणकावरचे काम हलवायला काही महिने पुरतात.

अंधेरीच्या सीप्झचेही तेच. नावात सांताक्रूझ असले तरी १९७३ पासून अंधेरीत वसलेल्या या निर्यातक्षेत्रात रत्नजडित दागिन्यांचे मोठे काम चालते आणि त्यांचे मुख्य गिऱ्हाईक अमेरिका. ऑगस्ट २०२५ अखेर अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लादले तेव्हा या क्षेत्राच्या छातीत धस्स झाले. हे दर पुढे वाटाघाटींचा विषय झाले. पण शिकण्याची गोष्ट वेगळीच आहे. शुल्क वाढले म्हणून दागिने घडवण्याचे काम न्यूयॉर्कला परत जात नाही. ते कमी शुल्काच्या तिसऱ्या देशाकडे सरकू पाहते. म्हणजे अमेरिकेच्या कारागिराला काम मिळत नाही आणि अंधेरीच्या कारागिराचे जाते. ज्याचे सारे गिऱ्हाईक एकाच पेठेत, त्याची झोप त्या पेठेच्या हाती असते.

आपली घरवापसी

इतरांचे कारखाने घरी परतत असताना भारताने स्वतःचे काय परत आणायचे, हा खरा प्रश्न आहे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला आणि देशाला स्वतःचे पेनिसिलिन मिळाले. नंतर चीनचे स्वस्त द्रव्य आले आणि देशातील पेनिसिलिन बनवण्याची कला जवळजवळ लोपली. जगाची औषधशाळा म्हणवणारा देश औषधांच्या मूळ द्रव्यांसाठी चीनकडे पाहू लागला. २०२०च्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेनंतर आंध्रातील काकीनाडा येथे पेनिसिलिनचा कारखाना पुन्हा उभा राहिला आहे. पण हरवलेली विद्या पुन्हा मिळवणे हे तिला जपण्यापेक्षा फार महाग पडते. चार पैसे वाचवण्यासाठी जे सोडले, ते परत आणताना रुपये मोजावे लागतात.

म्हणून सरकारने परदेशी गुंतवणुकीच्या करारांचे आकडे जाहीर करताना एक प्रश्न नित्य विचारला पाहिजे : या कारखान्यातील किती सुटे भाग येथे बनतील, आराखडे कोण काढील आणि कंपनी उद्या निघून गेली तर मागे कोणती विद्या उरेल? उद्योजकांनी नफ्याचा काही भाग जमिनीऐवजी प्रयोगशाळेत घातला पाहिजे. वडिलांच्या कारखान्याच्या जागेवर मनोरा बांधणे सोपे आहे, पण मनोरा एकदाच विकला जातो. आणि मध्यमवर्गीय घरांनी मुलाला केवळ परदेशी कंपनीचा चाकर होण्याची स्वप्ने दाखवू नयेत. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा मुलुंड-भांडुपच्या गाळ्यांत लेथ चालवणारा, साचे घडवणारा, चार माणसांना काम देणारा मराठी तरुण आजही आहे. विवाह जुळवताना त्याच्या गाळ्याकडे पाहून नाक मुरडणाऱ्या समाजाला स्वावलंबनाची भाषणे शोभत नाहीत.

ज्या तळेगावातून जनरल मोटर्स गेली, त्याच तळेगावात १९०८ मध्ये पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला होता. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून एकेक पैसा गोळा केला. लोकमान्य टिळकांनी त्या उपक्रमाला बळ दिले. कारखाना लहान होता, भांडवल तुटपुंजे होते. पण तेथे शिकलेले कारागीर पुढे ठिकठिकाणच्या काचकारखान्यांत गेले आणि या देशात काच बनवण्याची विद्या पसरली. तो कारखाना हलवण्याचा निर्णय कोणत्याही परदेशी राजधानीत होऊ शकत नव्हता, कारण त्याचा मालक पैसा देणारा सामान्य माणूस होता. परदेशी कंपन्या येतील आणि जातील. आपल्या हिशेबाने येतील, आपल्या हिशेबाने जातील. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपला हिशेब आपण कधी मांडणार, एवढाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर डेट्रॉइटला किंवा बासेलला नव्हे, तर येथेच द्यावयाचे आहे.